सभासदाला काय हवंय

नव्या मुलीनं सरांना पेशंट समजावं, यात तिची काही चूक नव्हती. चूक असलीच तर सरांची होती. आणि चूक तरी कसली, त्यांच्या उभ्या आयुष्यातलं तेवढंच एक कर्तृत्व होतं. मनाच्या आजारानं वर्षानुवर्षं बाजूला पडलेल्या माणसांना पुन्हा कामात, चारचौघांत, घरादारात आणायचं, असं ते केंद्र. तिथे कुणाला पांढरा कोट नव्हता, बिल्ला नव्हता, कर्मचाऱ्यांचा वेगळा कप नव्हता की वेगळा संडास नव्हता. पेशंट हा शब्द चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचा. आत आले की सगळे सभासद. हे सगळं सरांनी भांडून भांडून करून घेतलं होतं, आणि हे काम शिकायला दरवर्षी येणाऱ्या मुलामुलींना ते एक गोष्ट हमखास सांगत. एकदा पाहणीला आलेल्या बड्या साहेबांनी एका सभासदाशी केंद्राच्या भवितव्यावर तासभर चर्चा केली, आणि निघताना सरांच्या पाठीवर थोपटून 'औषधं वेळेवर घेत जा बरं का' असं बजावलं. मुलं हसत, सरही हसत. आज मात्र सकाळी, माणसं यायच्या आधी, सभासदांच्या कार्यशाळेतल्या लांब टेबलाशी सर औषधांची खोकी जोडत बसले होते. दाढी वाढलेली, सदऱ्याचं बटण एक घर चुकलेलं. एक मुलगी समोर आली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मी इथे बसले तर तुम्हाला चालेल का?"

तो आवाज सरांनी ओळखला. न ओळखायला काय झालं, तो त्यांचाच होता. बोलण्याचा वेग निम्म्यावर आणा, प्रश्नाच्या शेवटी आवाज चढवू नका, माणसाच्या अगदी समोर न बसता जरा तिरकं बसा, म्हणजे त्याला नजर चुकवायची मुभा राहते. मुलगी तिरकी बसली. सरांना मुलांनी 'हळूहळू सर' असं नाव पाडलं होतं, कारण कुठल्याही प्रश्नाला त्यांचं पहिलं उत्तर तेच असे, आणि त्या नावाचा त्यांना थोडा अभिमानही होता. ही मुलगी त्यांनी पाहिली नव्हती. वर्ग सुरू झाले तेव्हा एक जण तापानं आजारी आहे असं कुणीतरी म्हणालं होतं, ती हीच असणार. मैत्रिणींनी तिला पहिला पाठ सांगून धाडलेलं दिसत होतं: एक सभासद निवडायचा, त्याच्याशी बोलायचं, आणि वर्गात येऊन सांगायचं की या सभासदाला काय हवंय. सल्ला द्यायचा नाही, आश्वासन द्यायचं नाही, शांतता पसरली तर ती आपण मोडायची नाही. आता तिला थांबवायला हवं, 'अहो, मीच तुमचा मास्तर' म्हणून हसायला हवं, म्हणजे पुढल्या वर्षीच्या मुलांना आणखी एक गोष्ट होईल, असं सरांच्या मनात आलंही. पण तिनं एक सपाट पुठ्ठा उचलला आणि उलटा दुमडला, औषधाचं नाव खोक्याच्या आत गेलं. सरांनी तो तिच्या हातून घेऊन सरळ करून दाखवला. ती म्हणाली, "तुम्हाला छान जमतं," आणि सरांना चक्क बरं वाटलं. खोकी जोडण्याबद्दल, किंवा कशाहीबद्दल, त्यांना कुणी छान म्हटल्याला बरेच दिवस झाले होते.

मग तिनं घरी कोण कोण असतं असं विचारलं. सर म्हणाले, मुलगा असतो. आणखी? आणखी कुणी नाही. बायको होती, आता ती तिच्या बहिणीकडे असते. हे सगळं खरंच होतं, त्यात खोटं असं काही नव्हतं, फक्त ते कोण सांगतंय आणि कुणाला, एवढंच काय ते चुकलेलं होतं. मुलगा काय करतो, असं ती म्हणाली. सर म्हणाले, काही करत नाही, बसतो. तिनं मान हलवली, जणू अशा घरात मुलगाही बसणारच. आणि सरांच्या हातातलं खोकं तसंच राहिलं आणि ते म्हणाले, "मला तो आता घरात नको झालाय."

हे वाक्य त्यांनी आजवर मनातही पुरतं उच्चारलं नव्हतं. अर्ध्यावर आलं की ते त्याला दुसरीकडे वळवत; थकवा आलाय, झोप झाली नाही, हवा बदलली. मुलीनं हात स्थिर ठेवले. घड्याळाकडे पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं, अगदी हलक्या आवाजात, ती म्हणाली, "नको झालाय." म्हणजे समोरच्याचाच शेवटचा शब्द त्याला परत द्यायचा, आपलं काही न मिसळता. अचूक. पैकीच्या पैकी गुण. यानंतर शांतता येते, आणि त्या शांततेत माणूस स्वतःला सापडतो, असं सर गेली कित्येक वर्षं फळ्यासमोर उभं राहून सांगत आले होते. सर त्या शांततेत बसून राहिले. पंखा फिरत होता. डिंकाचा वास येत होता. पलीकडे कुणीतरी कप विसळत होतं. सरांनी वाट पाहिली, मनापासून पाहिली, कारण त्यांचा यावर विश्वास होता, विश्वास नसता तर एवढी वर्षं माणूस कशाला घसा कोरडा करेल. पण त्या शांततेत त्यांना कुणीही सापडलं नाही. ती नुसतीच शांतता होती, आणि तिच्यात समोरच्या माणसानं आपल्याला एकटं सोडून दिलं होतं, अगदी नियमाप्रमाणे. किती जणांना आपण असं सोडून दिलं असेल, असं मनात आलं आणि ते घाईनं म्हणाले, "पाठवून देऊ का त्याला? सांगा ना." मुलीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिचे ओठ उघडले, आणि नियमानं ते मिटले. मग ती म्हणाली, "हे ठरवणं तुम्हाला अवघड जातंय." सर म्हणाले, "हो." मग माणसं येऊ लागली, खुर्च्या सरकल्या. मुलगी उठली, तुमच्याशी बोलून बरं वाटलं म्हणाली आणि गेली.

मुलगा चांगला तिशीला टेकलेला, दारात उभा राहिला तर दार भरून टाकणारा. पण घरात त्याचं नाव अजून पिल्लूच होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला तो एकदा परीक्षेच्या खोलीतून उठून आला आणि म्हणाला की प्रश्नपत्रिकेत सगळे प्रश्न आपल्याबद्दलच होते. तेव्हा सर घाबरले नाहीत. उलट, आता सांगायलाही लाज वाटावी, पण तेव्हा त्यांना वाटलं होतं की बरं झालं, हा आपल्याच घरात निघाला. दुसऱ्या कुणाच्या घरात असता तर त्यांनी काय केलं असतं? आपल्याला सगळं येतं. आणि खरंच त्यांनी सगळं केलं. औषधं, वेळापत्रक, छोटी छोटी कामं, पलंगापासून दारापर्यंत, दारापासून जिन्यापर्यंत. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे दिवा दिव्याखालीच जाळला होता, सगळं तेल तिथेच ओतलं होतं. रोज सकाळी ते मुलाच्या पलंगाशी तिरके बसत आणि विचारत, "आज तुला काय हवंय?" आणि मुलगा म्हणे, "बघू." नाही म्हणत नसे, चिडत नसे. बघू. या दोन अक्षरांवर एवढी वर्षं गेली. पहिल्या वर्षी त्या बघूमध्ये सरांना आशा दिसत असे, आणि त्यांनी त्यावर एक अख्खं व्याख्यानही रचलं होतं: नाही म्हणजे बंद दार, बघू म्हणजे नुसतं लोटलेलं. बायको एकदा म्हणाली होती, "तुम्ही त्याच्याशी बापासारखे बोलत का नाही?" तर सरांनी तिला समजावून सांगितलं, हळूहळू, वेग निम्म्यावर आणून. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "माझ्याशी पण." तेव्हा ते वाक्य त्यांना कळलं नव्हतं. कळलं नव्हतं असंही नाही. त्यांनी तिचाच शब्द तिला परत दिला होता.

मग ते खिडकीचं झालं. मुलाला खिडकी बंद लागे आणि आईचा जीव त्या कोंदट खोलीत गुदमरे. ती खिडकी उघडायला गेली, त्यानं तिला बाजूला केलं, मारायचं म्हणून नव्हे, खुर्ची बाजूला करतात तसं. तिचं मनगट भिंतीवर आपटून मोडलं. सर घरी आले तेव्हा ती टॉवेलमध्ये हात गुंडाळून बसली होती, रडत नव्हती. पिल्लू तिच्या पायाशी बसून एकच वाक्य म्हणत होता, "आवाज आला. आईच्या हाताचा आवाज आला." पुढे कितीतरी दिवस जेवताना, अंघोळीला जाताना, मध्येच थबकून तो तेच म्हणे. हाताचं प्लॅस्टर काढायच्या आत बायको बहिणीकडे गेली. जाताना फार काही बोलली नाही, भांडली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर सरांना सकाळी घरात बसवेना. म्हणून ते सगळ्यांच्या आधी केंद्रात येत आणि खोकी जोडत. हाताला काम असलं की मन ताब्यात राहतं असं ते सभासदांना सांगत आले होते, आणि तेवढं मात्र खरं निघालं होतं.

शहराबाहेर एक जागा होती. तिथे माणसं कायमची ठेवून घेत. सर वर्गात तिला गोदाम म्हणत. 'माल ठेवतात तिथे, माणूस नाही,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि मुलं ते वहीत उतरवून घेत. त्या गोदामात सरांनी दोन महिन्यांपूर्वी मुलाचं नाव घातलं होतं. कुणाला सांगितलं नाही. परवा तिथून फोन आला की एक खाट रिकामी झालीय, तुमचं नक्की काय ते सांगा, नाहीतर रांगेत बरेच जण आहेत. खाट रिकामी कशी झाली हे सरांनी विचारलं नाही. तिथून खाट एकाच प्रकारे रिकामी होते. उद्या सांगतो म्हणाले, मग आणखी एक दिवस मागून घेतला, तो आज संपत होता. काल त्यांनी बायकोला फोन करून हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पाठवा नाहीतर ठेवा. मी त्याच्यामुळे गेले असं तुम्हाला वाटतंय, वाटू दे. पण मी आता परत येणार नाही." तिचा आवाज शांत होता, त्यात राग असता तर सरांना धरायला काहीतरी मिळालं असतं. त्यांनी विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "किती वेळा विचाराल?"

दुपारी सर वर्गात शिरले तेव्हा मुलीनं त्यांना पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. सर फळ्याकडे वळले, खडू उचलला, खाली ठेवला. एकेक जण उठून आपापल्या सभासदाबद्दल सांगू लागला. एका सभासदाला बसनं एकट्यानं जायचं होतं. एकीला भावाच्या मुलाला कडेवर घ्यायचं होतं, पण घरातले देत नव्हते. एक मुलगा फार हुशार होता, त्यानं आपल्या सभासदाचं हवंनको असं काही सुरेख मांडलं की खुद्द सभासदालाही पटलं असतं. सरांनी मुद्दामच त्या मुलीला उठवलं नाही. पण शेजारची म्हणाली, सर, हिचंही राहिलंय, हिनं आज सकाळीच केलंय. मुलगी उठली. टेबलाच्या कडेला धरून उभी राहिली. तेवढ्या क्षणात सरांना दोन्ही वाटलं: हिनं गप्प बसावं, आणि हिनं सगळं सांगून टाकावं, या पोरांसमोर, एकदाचं. ती म्हणाली, "माझ्या सभासदाला काय हवंय ते मला कळलं नाही, सर." मागून कुणीतरी खुसखुसलं. हुशार मुलगा म्हणाला की तू पुरेशी थांबली नसशील. सर म्हणाले, कळत नाही कधी कधी, बसा. आणि पुढला तास त्यांनी नेहमीसारखाच घेतला. तोंडाला सवय असते, ते आपलं आपण चालतं.

तास संपल्यावर ती बाहेर, पाण्याच्या टाकीपाशी थांबली होती. माफ करा, मला खरंच माहीत नव्हतं, असं काहीबाही म्हणू लागली. सर म्हणाले, त्यात काय, एका साहेबांनी तर मला औषधं घ्यायला सांगितलं होतं. ती हसली नाही. सर निघाले, दोन पावलं गेले, आणि परत आले. सकाळी तुम्ही काहीतरी म्हणणार होता, असं ते म्हणाले. मग तिनं सांगितलं, आणि या वेळी तिचा आवाज तिचा होता, भराभर, शेवटचे शब्द गिळून टाकणारा. तिच्या घरी मामा असायचा. आईचा धाकटा भाऊ. वीस वर्षं आईनं त्याचं केलं, लग्नाकार्याला गेली नाही, नवऱ्याशी धड बोलली नाही, मुलांना धाकात वाढवलं. मामा गेल्या वर्षी गेला. आता आई त्याच्या खोलीत जाऊन बसते, आणि खोलीचं दार आतून लावून घेते. "आई म्हणते," मुलगी म्हणाली, "पाठवलं असतं तर मला वाईट वाटलं असतं. नाही पाठवलं, म्हणून मी वाईट झाले."

सर तिला काहीतरी म्हणणार होते. हिलाच आता कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं, अगदी साधं, कुठल्याही पुस्तकात नसलेलं. ते शोधू लागले आणि त्यांना दिसलं की आपल्याकडे तसं एकही वाक्य शिल्लक नाही. ते म्हणाले, "तुम्ही नियमानं वागलात. बरोबर केलंत." ती हो म्हणाली आणि गेली. तिथेच उभं राहून त्यांनी फोन लावला आणि खाट ठेवा म्हणून सांगितलं. पलीकडचा माणूस अदबीनं बोलला, कपड्यांचे दोन जोड आणि साबण आणा, आज संध्याकाळपर्यंत आलात तरी चालेल, उद्या आलात तरी चालेल.

घरी पिल्लू पलंगावर भिंतीला पाठ लावून बसला होता. खोलीत तोच जुना वास. सर तिरके न बसता त्याच्या अगदी समोर बसले. ठरवून नव्हे. त्यांनी मनात वाक्यांची जुळवाजुळव करून ठेवली होती: तिथे मोकळी जागा आहे, झाडं आहेत, काही दिवस राहून बघ. यातलं काहीच त्यांना म्हणता आलं नाही. ते म्हणाले, "पिल्लू, मी तुला दुसरीकडे ठेवतोय. राहायला. शहराबाहेर." मुलानं मान वर केली. सर त्या बघूची वाट पाहत होते, किंवा आरडाओरड्याची. काहीही चाललं असतं. मुलगा म्हणाला, "मी गेलो की आई येईल घरी?"

खोटं आश्वासन द्यायचं नाही. सर म्हणाले, "येईल."

"नक्की?"

"नक्की."

"मग आज जाऊ," मुलगा म्हणाला आणि उठला. स्वतःहून उठला. त्यानं पिशवी काढली, कपडे भरले, बटणं नीट लावली, पलंगाखालून बूट ओढून काढले. ते कित्येक वर्षं पायात गेले नव्हते, चामडं ताठ झालं होतं. तो खाली बसून टाचा आत ढकलत राहिला, घाम येईपर्यंत, आणि सर बघत राहिले. एवढ्या उमेदीनं त्याला काही करताना पाहायला ते इतकी वर्षं थांबले होते. थांब म्हणावं, आज नको, उद्या जाऊ, कधीच नको जायला, आई येणार नाहीये, मी खोटं बोललो, हे सगळं त्यांच्या जिभेवर आलं. पण त्याचबरोबर, आज रात्री हे घर रिकामं असेल या विचारानं त्यांना आतून सुटल्यासारखं झालं, आणि ते काही बोलले नाहीत. ते सुटणं त्यांना स्पष्ट कळलं. त्याला दुसरं नाव देता आलं नाही.

मुलगा दाराबाहेर जाऊन उभा राहिला. सरांनी दार ओढलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की कुलूप लावायला हवं. घरात कायम कुणी ना कुणी असे. बाहेरून कुलूप लावायची पाळी इतक्या वर्षांत आली नव्हती. ते परत आत गेले, स्वयंपाकघरातले खण धुंडाळले, आणि एका खणात कुलूप मिळालं. किल्ली टेबलावर होती, बायकोची. जाताना ती ठेवून गेली होती. सर कुलूप कडीत अडकवू लागले तसा मुलगा पुढे झाला. त्यानं किल्लीकडे पाहिलं, किल्लीला बांधलेला निळा दोरा ओळखला, आणि बापाचा हात धरला, हलकेच, कुणाला काही लागू नये अशा बेतानं.

"लावू नका, बाबा," तो म्हणाला. "आईची किल्ली इथेच राहिलीय. ती आली तर आत कशी जाणार?"

सरांनी कुलूप पिशवीत टाकलं, दार नुसतं लोटून घेतलं, आणि ते दोघं जिना उतरू लागले.